कपाटांतील करारनामा

प्रत्येक मंगल कार्याच्या आरंभीं यजमान हातांत पाणी घेऊन संकल्प सोडतो, आणि त्या संकल्पांत काळाबरोबर देशाचाही उच्चार होतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. जंबुद्वीप, भरतखंड, दंडकारण्य, गोदावरीचा दक्षिण तीर अशीं नांवें पायरीपायरीनें घेत आपण विश्वांतून आपल्या अंगणाकडे उतरत येतों. कर्म करणारानें आपण कोठें उभे आहों हें आधीं बोलून दाखवावें व मगच देवापाशीं कांहीं मागावें, असा त्यांतला शिष्टाचार आहे. परंतु ही उतरण बहुधा गोदावरीच्या तीरापाशींच थांबते. ज्या पाटावर यजमान बसला आहे त्या पाटाखालची जमीन कोणत्या गांवची, आपल्या आधीं ती कोणीं कसली, आणि कोणत्या वाटेनें ती आपल्याकडे आली, हें कोणी उच्चारीत नाहीं. खारघरसारख्या नव्या वसाहतींत राहणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांनीं निदान हा प्रश्न तरी स्वतःस विचारावा, एवढ्यासाठींच आम्ही हा लेख लिहीत आहों.

आज खारघरांत जीं एकत्र कुटुंबें नांदतात त्यांपैकीं बहुतेक गिरगांव, दादर, ठाणें, डोंबिवली, पुणें अशा जुन्या वस्त्यांतून गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आलेलीं आहेत. त्यांची दुसरी पिढी येथें वाढली आणि तिसरी येथेंच जन्मली. या तिसऱ्या पिढीला शिवकाल ठाऊक असतो, पेशवाई ठाऊक असते, फ्रान्सची राज्यक्रांतीही पाठ्यपुस्तकांतून ठाऊक होते. पण आपल्या सेक्टरच्या जागीं पूर्वीं कोणत्या गांवचें शिवार होतें असें विचारलें तर ती गप्प बसते. तिला दोष देण्यांत अर्थ नाहीं. "आम्ही आलों तेव्हां येथें कांहींच नव्हतें, नुसती दलदल होती," असें तिनें वडील माणसांच्याच तोंडून ऐकलेलें असतें.

हें विधान सद्भावनेनें केलेलें असलें तरी खरें नव्हे. 'खार' हा शब्दच त्याची साक्ष देतो. खार म्हणजे खाडीच्या भरतीपासून सोडवून घेतलेली जमीन. खाडीचें पाणी दिवसांतून दोनदां चढतें. तें अडविण्यासाठीं मातीचा बांध घालावा लागतो, पावसाचें गोडें पाणी बाहेर सोडण्यासाठीं त्या बांधाला उघाडी ठेवावी लागते, आणि एखाद्या उधाणानें बांध फुटला तर शेतांत शिरलेलें मीठ धुवून निघण्यांत पुढचे पावसाळे खर्चीं पडतात. असा बांध एकट्या घराच्यानें राखला जात नाहीं. त्यासाठीं सारें गांव रात्रीबेरात्रीं कुदळ-फावडें घेऊन उभें राहावें लागतें. काळा राता, भुरा राता अशा खारटपणा सोसणाऱ्या भाताच्या जाती कोंकणच्या शेतकऱ्यानें याच कष्टांतून जतन केल्या, आणि पनवेल येथील खारभूमि संशोधन केंद्रानें पुढें अशा जाती सुधारून पनवेलच्याच नांवानें प्रसृत केल्या. या व्यवस्थेचें महत्त्व सरकारलाही इतकें पटलें होतें कीं मुंबई प्रांतानें १९४८ मध्यें खारजमिनींकरितां स्वतंत्र कायदा केला. तात्पर्य, ज्याला आपण दलदल म्हणतों त्यांतली पुष्कळशी जमीन मनुष्याच्या हातांनीं घडविलेली व पिढ्यान्‌पिढ्या राखलेली होती.

ती राखणारे लोक मुख्यतः आगरी. 'आगर' म्हणजे मिठागर. त्यावरून हें नांव आलें असें मानतात. खाडीच्या पाण्यावर कोळ्यांचा संसार, डोंगराच्या पायथ्याशीं गोड्या पाण्याचीं भातशेतें, आणि वर डोंगरावर फणसवाडी, चाफेवाडी यांसारखे आदिवासी पाडे, अशी ही जुनी वस्ती होती. खारघर, कोपरा, बेलपाडा, मुर्बी, ओवे, पेठपाडा, रांजणपाडा, फरशीपाडा हीं गांवें व पाडे आपल्या इमारतींच्या मधोमध आजही उभे आहेत. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी बेलापूर ते पेंधर ही मेट्रो सुरू झाली. तिच्या ११ स्थानकांचीं नांवें मुलांकडून एकदां मोठ्यानें म्हणवून घ्यावीं. बेलपाडा, खारघर गांव, पेठपाडा, पेंधर हीं नांवें आपल्या येण्याआधींचीं आहेत. एवढा एक धडा तिकिटाच्या पैशांत मिळतो.

येथें एका जुन्या गोष्टीचा विचार करणें प्राप्त आहे. परशुरामानें बाण सोडून समुद्र मागें हटविला व कोंकणची भूमि निर्माण केली, ही कथा आपल्यापैकीं अनेकांच्या घरीं श्रद्धेनें सांगितली जाते. तिच्या पावित्र्याविषयीं आम्हांस कांहीं म्हणावयाचें नाहीं. पण तिच्यांतला एक धागा जिज्ञासूनें पाहावा. समुद्रांतून नुकत्याच निघालेल्या भूमीवर आधींचा कोणी राहणारा असूं शकत नाहीं. म्हणून नव्यानें येणाराला कोणाची अनुज्ञा विचारण्याचें कारण उरत नाहीं. जगांत जेथें जेथें लोक दुसऱ्यांच्या भूमीवर जाऊन राहिले तेथें तेथें "भूमि रिकामी होती" ही कथा कोणत्या ना कोणत्या रूपानें सांपडते. भेद एवढाच कीं, खाडीचें पाणी खरोखरच मागें हटविणारे हात येथें आजही हयात आहेत, आणि ते आपल्या शेजारच्या गांवठाणांत राहतात.

आपल्या परंपरेला भूमीच्या कराराचें गांभीर्य ठाऊक नव्हतें असें मात्र नाहीं. उत्तर कोंकणांत नवव्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत शिलाहारांचें राज्य होतें. त्यांच्या काळच्या ताम्रपटांत भूमिदानाच्या सीमा बारकाईनें सांगून, दिलेली भूमि हिरावून घेणारा सहस्रावधि वर्षें विष्ठेंतील कृमि होऊन राहील, अशा अर्थाची भयंकर शापवाणी शेवटीं घातलेली असते. ज्यांना ताम्रपट वाचतां येत नसे त्यांच्यासाठीं गांवच्या सीमेवर गधेगाळ उभा करीत. त्या दगडावर सूर्य व चंद्र कोरलेले असतात, म्हणजे ते आकाशांत आहेत तोंवर हें वचन मोडावयाचें नाहीं. आणि खालीं तें मोडणाऱ्यास दिलेला गाढवाचा शाप असतो. तो शाप कुटुंबांत मोठ्यानें वाचण्याजोगा नाहीं, पण त्याचा अर्थ कोणालाही कळावा असाच आहे. मात्र हेंही ध्यानांत ठेवावें कीं, या दानांत घेणारे पुष्कळदां आपल्याच पूर्वजांसारखे विद्वान् ब्राह्मण होते. ती भूमि प्रत्यक्ष कसणारांचें नांव ताम्रपटावर क्वचितच येतें. घेणाराचें रक्षण करणारा शाप आपण जपला. कसणाराचें नांव जपावयाचें राहून गेलें.

आतां अलीकडच्या काळाकडे येऊं. १९६५ मध्यें चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनीं 'मार्ग' या नियतकालिकांतून मुंबईच्या खाडीपलीकडे नवें शहर वसविण्याची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडको ही संस्था स्थापन झाली. ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गांवें आणि सुमारें ३४४ चौरस किलोमीटरचें क्षेत्र या नव्या शहराच्या कक्षेंत आलें. जमीन घेण्याचें साधन होतें १८९४ चा इंग्रजी अमदानींतला भूसंपादन कायदा. त्या कायद्यांत मालकाच्या संमतीला स्थान नव्हतें. सरकारनें सार्वजनिक कामासाठीं जमीन हवी म्हटलें कीं वाद उरे तो केवळ मोबदल्याचा.

तो वाद १९८४ च्या जानेवारींत रस्त्यावर आला. जासईचे दि. बा. पाटील हे शेतकरी कामगार पक्षाचे पुढारी. पनवेलचे आमदार, कुलाब्याचे खासदार व विधानसभेंतील विरोधी पक्षनेते म्हणून त्यांचें नांव महाराष्ट्रास परिचित आहे. त्यांच्या नेतृत्वाखालीं गांवोगांवचे शेतकरी, बायामाणसांसह, अपुऱ्या मोबदल्याविरुद्ध उभे राहिले. १६ जानेवारीला दास्तान फाट्यावर व १७ जानेवारीला नवघर फाट्यावर पोलिसांनीं गोळीबार केला आणि दोन दिवसांत मिळून पांच शेतकरी मारले गेले. घेतलेल्या जमिनीचा कांहीं हिस्सा विकसित करून मूळ मालकास परत मिळाला पाहिजे, ही मागणी या लढ्यांतून पुढें आली, आणि १९९० व १९९४ च्या शासननिर्णयांनीं तिला 'साडेबारा टक्के योजना' असें रूप मिळालें. नवी मुंबईचा जर कांहीं गधेगाळ असेल तर तो हाच. फरक इतकाच कीं, हें वचन राजानें प्रसन्न होऊन दिलेलें नाहीं. पांच घरांनीं त्याची किंमत आधीं मोजलेली आहे.

साडेबारा टक्के म्हणजे किती, याचें गणित मुलांना घालावें. आम्ही वर्गांत असतों तर घातलेंच असतें. एक एकर म्हणजे सुमारें ४,०४७ चौरस मीटर. त्याचे साडेबारा टक्के सुमारें ५०६. त्यांतून सार्वजनिक सोयींसाठीं ३० टक्के वजा होतात. राहिले सुमारें ३५४ चौरस मीटर, म्हणजे मूळ जमिनीचे पावणेनऊ टक्के. ही जमीन एकत्र कुटुंबाच्या नांवें होती आणि चार भाऊ वांटेकरी निघाले, तर प्रत्येकास सुमारें ८८ चौरस मीटर. शिवाय हा भूखंड मालकीनें नव्हे, तर ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यानें देण्याची पद्धति होती. ज्यांच्या आजोबांनीं बांध घातला ते नातू त्याच भूमीवर भाडेपट्टेदार झाले. भूखंडावर दीड पट बांधकाम करतां येत असे. पण इमारत उभारण्याइतकें भांडवल शेतकऱ्यापाशीं कोठून असणार? म्हणून पुष्कळांनीं ते भूखंड बिल्डरांना दिले. त्यासाठीं सिडको, मूळ शेतकरी व नवा घेणारा यांच्यांत त्रिपक्षीय करार होऊं लागले, आणि त्या भूखंडांवर ज्या इमारती झाल्या त्यांत आपण फ्लॅट घेतले.

आमच्या म्हणण्याचा गाभा येथेंच आहे. आपल्या घरच्या कपाटांत, विम्याच्या कागदांशेजारीं, फ्लॅटचा करारनामा ठेवलेला असतो. कर्ज घेतांना बँकेनें तो पाहिला, वकिलानें पाहिला. घरांतील माणसांनीं मात्र बहुधा चटईक्षेत्र व किंमत एवढेंच वाचलें. त्याच्या पहिल्या पानांत भूखंडाचा इतिहास दिलेला असतो. इमारत साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर असेल तर तेथें एका शेतकऱ्याचें, पुष्कळदां त्याच्या भावांचें व बहिणींचेंही, नांव असतें; तो भूखंड त्यांना कां मिळाला हें लिहिलेलें असतें. भूखंड सिडकोनें थेट लिलावानें विकलेला असेल तर शेतकऱ्याचें नांव मुळींच नसतें, आणि तें नसणें हेंही वाचण्याजोगें आहे. परदेशच्या इतिहासांतले तह आपण पाठ करतों. आपण ज्याचे लाभधारक आहों असा हा तह मात्र आपल्याच कुलुपांत न वाचलेला पडून आहे.

परदेशाचें नांव निघालेंच आहे, तर तेथील एक-दोन उदाहरणें सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं. कारण आमच्या वाचकांपैकीं अनेकांचीं मुलें-नातवंडें आज कॅनडा, न्यूझीलंड अशा देशांत स्थायिक आहेत. टोरोंटो शहराची भूमि मिसिसागा या मूळच्या लोकांची. शेजारच्या शहराला आजही तेंच नांव आहे. १७८७ मध्यें इंग्रजांनीं ती खरेदी केली असें म्हणत. पण खरेदीचा कागद पुढें पाहिला तेव्हां तो कोरा निघाला, आणि प्रमुखांच्या खुणा वेगळ्या चिठोऱ्यांवर काढून त्याला जोडलेल्या होत्या. १८०५ मध्यें दहा शिलिंग देऊन खरेदी पक्की करण्यांत आली. त्या व्यवहाराचा वाद अखेर २०१० मध्यें १४ कोटी ५० लाख कॅनेडियन डॉलर देऊन मिटला. न्यूझीलंडांत ६ फेब्रुवारी १८४० रोजी वाइतांगीचा तह झाला. त्याची इंग्रजी प्रत सांगते कीं माओरी प्रमुखांनीं सार्वभौमत्व दिलें. माओरी प्रत सांगते कीं त्यांनीं कारभार पाहण्याचा अधिकार दिला व आपलें प्रमुखपण राखलें. एका शब्दाच्या भाषांतरानें एक देश दीड शतक भांडत राहिला, आणि १९७५ मध्यें त्या भांडणासाठीं स्वतंत्र न्यायाधिकरण स्थापावें लागलें. कॅनडाच्या सत्य व समेट आयोगानें २०१५ मध्यें ९४ शिफारशी केल्या. त्यांत मूळच्या लोकांशीं झालेल्या तहांचा इतिहास सर्व शाळांतून शिकवावा ही एक होती. तेथें गेलेलीं आपलीं नातवंडें शाळेंत तो इतिहास शिकतात. मग येथें राहिलेल्या नातवंडांना दास्तान फाटा कां शिकवूं नये?

उपमा सर्वांशीं जुळत नाहीं, हें आम्ही जाणतों. येथें कोणी परकी राजा आला नाहीं. गांवकरी आणि आपण एकाच भाषेचे, एकाच विठोबाचे. म्हणूनच आपलें अज्ञान अधिक खटकतें.

या विषयावर बोलूं लागलें कीं तीन आक्षेप हमखास निघतात. पहिला असा कीं, "आम्हीं पूर्ण किंमत मोजली, वीस वर्षें हप्ते भरले, आमच्याकडे काय येणें लागतें?" किंमत मोजली हें खरें, आणि कोणीही घर सोडून जा असें म्हणत नाहीं. पण दोष वेगळा आणि ऋण वेगळें. तैत्तिरीय संहितेंत ब्राह्मण जन्मतांच तीन ऋणें घेऊन येतो असें सांगितलें आहे. त्यामुळें कोणी स्वतःस अपराधी समजत नाहीं. ऋण हें आचरणानें फेडावयाचें असतें, आणि त्याची पहिली अट धनको कोण हें ठाऊक असणें ही आहे.

दुसरा आक्षेप असा कीं, "त्यांना तर कोट्यवधि रुपये मिळाले." कांहींना मिळाले, नाहीं असें नाहीं. पण साडेबारा टक्के कशाचे काढावयाचे? सातबाऱ्यावर नांव असेल त्याच्याच जमिनीचे. जो दुसऱ्याच्या शेतांत मजुरी करी, जो मिठागरांत मीठ ओढी, जो खाडींत जाळें टाकी, त्याच्या नांवें एकही गुंठा नव्हता. म्हणून त्याच्या हिश्शाचे साडेबारा टक्के शून्य आले. खाडीला सातबारा नसतो. डोंगरावरच्या आदिवासींची गोष्ट याहून बिकट. ते राहतात ती जमीन वनखात्याची ठरलेली. वनहक्क कायदा २००६ मध्यें झाला, आणि १३ डिसेंबर २००५ पूर्वींपासूनचा ताबा सिद्ध करणें ही त्याची अट आहे. पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यानें तो ताबा पुराव्यानें दाखवावा लागतो, आणि कागद तर पुष्कळदां ज्याच्यापाशीं कधींच नव्हते त्याच्याकडेच मागितले जातात.

तिसरा आक्षेप आमच्या वाचकांच्या मनांत अधिक खोल आहे: "आमच्याही जमिनी कूळकायद्यांत गेल्या, आमचें कोणीं काय केलें?" ही वेदना खोटी नाहीं. एका कायद्याच्या कागदानें वाडवडिलांचें शेत जाणें म्हणजे काय, हें आपल्या घरांतल्या वृद्धांना ठाऊक आहे. आणि म्हणूनच कोपऱ्याच्या किंवा ओव्याच्या म्हाताऱ्याचें मन आपणांस इतरांहून आधीं कळलें पाहिजे. मात्र या इतिहासाचें दुसरें पानही उलटावें. याच कुलाबा जिल्ह्यांत अलिबागजवळच्या चरी येथें नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं कुळांनीं १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांचीं शेतें कसावयाचें नाकारलें. सहा वर्षें उपास काढले. खोतांत निरनिराळ्या जातींचे लोक होते, त्यांत ब्राह्मण घराणींही होतीं. डॉ. आंबेडकरांनीं १९३७ मध्यें मुंबई विधानसभेंत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें तें याच पार्श्वभूमीवर. म्हणजे आगरी कुळाच्या हातून जमिनीचें फळ जाणें हें सिडकोपासून सुरू झालेलें नाहीं. आपण त्या गोष्टीच्या बाहेर होतों असें म्हणणें इतिहासास धरून होणार नाहीं.

मग करावें काय? देणगी द्यावी, जुने कपडे वांटावे, एवढ्यानें हें भागणार नाहीं. आपल्याकडे सख्याची कल्पना फार नेमकी आहे. विवाहांतलें सातवें पाऊल सख्याचें. पाणिनीनें तर सात पावलांवरून साधलेला 'साप्तपदीन' हा शब्दच सख्याच्या अर्थीं सांगितला आहे. सखा म्हणजे पुढें जाऊन मार्ग दाखविणारा नव्हे आणि उंचावरून दान देणाराही नव्हे. तो बरोबरीनें चालणारा. आम्हांस सुचतात तीं पावलें अगदीं साधीं आहेत.

पहिलें पाऊल नांवाचें. पत्ता सांगतांना सेक्टरबरोबर जवळच्या गांवाचेंही नांव घ्यावें, आणि वास्तुशांतीच्या संकल्पांत गोदावरीच्या तीरानंतर त्या गांवाचा उच्चार करावयास पुरोहितास सांगावें. शास्त्राची त्याला हरकत असण्याचें कारण दिसत नाहीं. परंतु संकल्प सोडून कर्म न करणें हें संकल्प न सोडण्याहून वाईट, हेंही शास्त्रच सांगतें. कॅनडांत अनेक सभांच्या आरंभीं मूळच्या लोकांचें नांव घेण्याची प्रथा पडली आहे, आणि नुसतें नांव घेऊन पुढें कांहींच होत नाहीं अशी तक्रार ते लोकच करूं लागले आहेत.

दुसरें पाऊल भाषेचें. आगरी बोलीची नक्कल करून हंशा मिळविणें हा आपल्याकडचा एक जुना दुर्गुण आहे. तो मुलांसमोर तरी टाकावा. आगरी-कोळ्यांच्या लग्नांत धवलारीण नांवाची स्त्री धवले गाऊन विधि चालविते. तेराव्या शतकांतील महदंबेच्या 'धवळ्यां'चा अभ्यास महाविद्यालयांत करणाऱ्या आपल्या मुलींना, त्याच नात्याचा शब्द हाकेच्या अंतरावर अजून गाइला जात आहे हें कोणीं सांगितलेलें नसतें. स्त्रीनें पौरोहित्य करावें कीं नाहीं यावर आपल्याकडे वाद चालले असतां या गांवांत तें केव्हांचेंच रूढ होतें.

तिसरें पाऊल न्यायाचें. गांवठाणाभोंवतीं गांवकऱ्यांनीं वाढविलेल्या घरांना सोसायटीच्या सभेंत सर्रास 'अतिक्रमण' म्हटलें जातें. गांवठाणाची सीमा जेथल्या तेथें राहिली, भोंवतालची जमीन गेली, आणि घरांत मुलें-सुना-नातवंडें वाढलीं; तर घर वाढवावयाचें कोठें? 'गरजेपोटीं बांधलेलीं घरें' असें त्यांना गांवकरी म्हणतात, आणि तीं नियमित करण्यासाठीं शासनानेंही २०२२ मध्यें निर्णय काढला. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकास ही गरज समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं. तक्रारीच्या अर्जावर सही करण्यापूर्वीं दुसरी बाजू एकदां गांवांत जाऊन ऐकावी, एवढीच विनंती.

चवथें पाऊल डोंगरावरचें. पावसाळ्यांत पांडवकड्याचा धबधबा पाहावयास आपण जातों. पण वरच्या पाड्यांतून भाजीची पाटी डोक्यावर घेऊन उतरणाऱ्या बाईशीं पांच रुपयांसाठीं घासाघीस करतों. भाव न करतां भाजी घ्यावी, आणि जमल्यास पाण्याची, रस्त्याची, दाखल्यांची अडचण काय आहे हें तिलाच विचारावें. दाखल्याचा अर्ज कसा लिहावा हें आपल्यांतल्या निवृत्त कारकुना-मास्तरांइतकें कोणास ठाऊक? मात्र काय मागावयाचें हें तिनें ठरवावें, आपण नुसती लेखणी धरावी.

अशा सोबतीनें कांहीं होतें का, असें कोणी विचारील. करार हा दगडावर कोरला तरी तो राखणारे लागतात, आणि राखणारे वाढले कीं करारही सुधारतो. पांच जणांच्या बलिदानानंतर साडेबारा टक्के मिळाले. विमानतळासाठीं १० गांवें उठलीं तेव्हां, १९८४ ची आठवण जागी असल्यामुळें, २०१४ मध्यें साडेबावीस टक्क्यांची योजना निघाली. विमानतळास दि. बा. पाटलांचें नांव द्यावें म्हणून २०२१ मध्यें हजारों गांवकरी रस्त्यावर आले, आणि २०२२ मध्यें विधिमंडळानें तसा ठराव केला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचें उद्घाटन झालें. परदेशांतून येणारीं आपलीं मुलें कधींतरी तेथेंही उतरतील. त्यांना न्यावयास जातांना वाटेंत हा इतिहास सांगावयास वेळ पुरेसा असतो.

आणखी एक सुचवितों आणि थांबतों. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपल्या घरीं हळदीकुंकवें होतात, आणि १६ व १७ जानेवारी हे हुतात्म्यांच्या स्मरणाचे दिवस त्याच काळांत येतात. यंदाच्या हळदीकुंकवाला इमारतींतल्या शेजारणींबरोबर जवळच्या गांवठाणांतल्या चार बायांनाही बोलवावें, आणि त्यांचें बोलावणें आलें तर आपणही जावें. १६ तारखेस घरांतील कोणीतरी एकानें दास्तान फाट्यावर जाऊन मागें, गर्दींत, उभें राहावें. आणि त्या आठवड्यांतल्या एका सायंकाळीं, दिवेलागणीनंतर, कपाटांतला करारनामा काढून त्यांतलें पहिलें नांव मुलांकडून स्पष्ट उच्चारानें वाचवून घ्यावें.